क्लाइड भावजींची बरगडी

प्रिय लोरेटाताई,

काल शिकागोत मला रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेचं सुवर्णपदक मिळालं. तुझ्यासाठी राखलेली खुर्ची रिकामीच राहिली. अध्यक्ष म्हणाले, "याच्या नजरेतून काही सुटत नाही." सगळं सभागृह उभं राहिलं.

क्लाइड भावजी शिडीवरून पडले, तेव्हा त्यांचा एक्स-रे मीच पाहिला होता. मोडलेली बरगडी सापडली आणि मी शोधणं थांबवलं. वर फुफ्फुसात डाग होता. "मेव्हण्यानं बघितलंय, आता देवाला कशाला विचारू?" म्हणत ते घरी गेले. दोन वर्षांनी ते कर्करोगानं गेले, तेव्हा मी जुना एक्स-रे काढून एकट्यानं पाहिला.

एक दोष सापडला की दुसरा शोधा, हे मी तीस वर्षं व्यासपीठावरून गर्जून सांगतो आहे. तुला मात्र हे सांगितलं नाही. तू अजून लिहितेस, "तू होतास म्हणून आम्हाला धीर होता."

हे वाचूनही तू मला माफ करशील, म्हणून पाठवत नाही.

तुझा धाकटा,
अर्विन