विमलाबाईंचं आमेन

कोपरी, ठाणे

प्रिय आई,

तुझ्या शमुवेलचा सलाम. तब्येत छान आहे, नोकरीही. तुझा गुडघा कसा आहे?

फोनवर तू विचारतेस, "जेवणाआधी देवाचे उपकार मानतोस ना?" मी हो म्हणतो. ते खोटं आहे, आई.

काल शेजारच्या विमलाबाईंनी गरम थालीपीठ आणून दिलं. मी लगेच तुकडा मोडला, तशा त्या म्हणाल्या, "अरे, थांब! तुझी आई इथे राहिलेली तेव्हा माझं नाव घेऊन आभार मानायची. तू नाही मानत?"

मी डोळे मिटले. एक शब्द आठवेना. नुसताच मान खाली घालून बसलो.

शेवटी विमलाबाईच हात जोडून "आमेन" म्हणाल्या. मी प्रार्थना केली असं समजून.

पपांना एवढ्यात सांगू नकोस.

तुझा,
शमुवेल