दुसरी कॉइल

प्रिय सम्मेद,

अठ्ठावीस वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट उलटंसुलटं करशील. लग्नपत्रिका नाही, वर्गणीही नाही. तुझी ब्राह्मी इथे साताऱ्यात माझ्याच हाताखाली शिकते, हे तुला ठाऊक आहेच. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला तिने हवा थंड करणारी तांब्याची कॉइल निवडली होती. काल येऊन म्हणाली, "सर, विषय बदलून द्या. पप्पा म्हणतात, असल्या कॉइलनं हवा गार होत न्हाई, मी करून बघितलंय."

बघितलंस खरं. शेवटच्या वर्षाच्या आपल्या प्रकल्पासाठी, सांगलीत विश्रामबागेतल्या आपल्या खोलीत तू नळी वाकवायचास, मी सल्ले द्यायचो. तेवढंच येत होतं, म्हणून तर प्राध्यापक झालो. वाकवताना नळी चेपू नये म्हणून तू तिच्यात कोरडी वाळू ठासलीस. दोन कॉइल झाल्या. वाळू काढायचं एकच काम माझ्याकडे दिलंस. "गड्या, सगळी काढ हां, न्हाईतर पाणी जायाचं न्हाई." पहिलीतली काढली. दुसरीतली हलेना, आणि विट्याला कुस्त्या होत्या. परत आल्यावर ठोकून दिलं, झालं म्हणून.

तुझ्या गणिताने हवा आठ अंशांनी उतरायला हवी होती. परीक्षकांसमोर उतरली चार. दोन्ही कॉइलना पाणी एकाच पंपाचं, बाहेरची धारही एकच, त्यामुळे बघून काही कळेना. तू घाम पुसत आकडेमोड परत परत तपासत होतास. मी कॉइलना हात लावला. एक गारेगार, दुसरी कोमट. कळलं मला. परीक्षक माझ्याकडे वळले तेव्हा एक खरं वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "यापेक्षा पुठ्ठ्यानं वारा घातलेला बरा, सर." सगळे हसले. तूही हसलास, तेच अजून घशाखाली उतरत नाही. पुढे तू सांगलीत खताचं दुकान घातलंस आणि मी कॉइल शिकवून पगार खाल्ला. लोक मला विनोदी म्हणतात, लेका.

तुझं गणित बरोबर होतं. शुक्रवारी ब्राह्मी विषय बदलायचा अर्ज घेऊन येईल. मी सही करणार नाही. तिला हे सगळं सांगणार आहे. तिच्या तोंडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. मला हव्या तेवढ्या शिव्या घाल. तिला मात्र नाही म्हणू नकोस.

तुझाच, पण फार उशिरा खरं बोललेला,
धैर्यशील