दोन्ही लाईन बिझी

२ डिसेंबर १९६३, सोमवार
टेलिफोन ऑपरेटर होऊन आज एक वर्ष. बोर्ड पूर्ण कळला असं म्हणायला हरकत नाही. गावात पंचवीस फोन आणि बाहेर जायला दोन ट्रंक लाईन, एक मलकापूरकडे, एक बुलढाण्याकडे. मी वायर या भोकातून काढून त्या भोकात घालतो. लोकांना एवढंच दिसतं.
पोस्टमास्तर माणिकराव म्हणाले, भिंतीवर रूटकार्ड आहे, त्याबाहेर जायचं नाही. अकोला-खामगाव मलकापूरवरून, चिखली-मेहकर बुलढाण्यावरून. कार्ड लावणाऱ्याने हा बोर्ड कधी पाहिला असेल, असं वाटत नाही.

४ डिसेंबर, बुधवार
जिनिंगवाले उत्तमराव अकोल्याच्या कॉलसाठी दोन तास बसले. मलकापूर बिझी. बुलढाण्याची लाईन मात्र रिकामी पडलेली. तेव्हाच सुचलं. एक बाजू बिझी असेल तर कॉल दुसऱ्या बाजूने फिरवायचा! मलकापूर, खामगाव, चिखली, बुलढाणा आणि आपलं गाव हे एक मोठं वर्तुळ आहे. कुठूनही निघा, पोचणारच.
लाइनमन मेहबूब शेंगदाणे-गूळ वाटत होता. मुलगी जहांआराला खामगावात मुलगा झाला. बायको इमामबी तिकडेच आहे. त्याला योजना समजावली. त्याने विचारलं, "आन् पुढचीबी बिझी निंघाली तं?" मी म्हटलं, तो ऑपरेटर आणखी पुढे पाठवेल. तो म्हणाला, "मंग तो कॉल फिरतच राहीन ना, भाऊ."
खांबावर चढणाऱ्या माणसाला हे समजणं कठीण आहे. राग आला नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार
दोन्हीकडच्या ऑपरेटरांशी बोललो. मलकापूरकडचे इंद्रभान लगेच हो म्हणाले. हुशार माणूस. बुलढाण्याकडच्या सिंधूताईंनी लेखी ऑर्डर विचारली. येतेय म्हणून सांगितलं. येईलच, अर्ज केल्यावर. पुढच्या ऑपरेटरांनाही निरोप सिंधूताईच देणार आहेत. माणिकरावांना यश मिळाल्यावर सांगेन. आधी सांगितलं तर श्रेय तेच घेतील.
रोज अर्धा तास इंग्रजी मॅन्युअल वाचायचं ठरवलं.

९ डिसेंबर, सोमवार
पहिला प्रयोग यशस्वी. चिखलीचा कॉल बुलढाण्यावरून तीन मिनिटांत. (तो कार्डाप्रमाणेही तसाच गेला असता. पण आज विचारपूर्वक गेला.)
मॅन्युअलची दोन पानं वाचली. त्यातलं एक कोरं होतं.
जहांआराला ताप आहे म्हणे. मेहबूब दोनदा बोर्डापाशी येऊन गेला. काही निरोप आला तर आल्याबरोबर सांगेन, असं मी त्याला म्हटलं.

११ डिसेंबर, बुधवार
सकाळी १०.१५. उत्तमरावांचा अकोल्याचा कॉल. मलकापूर बिझी, म्हणून बुलढाण्याकडून सोडला.
१०.३०. मलकापूरकडून कॉल आत आला. त्यालाही अकोलाच पाहिजे. अकोल्याला आज फार मागणी. लाईन रिकामी नसल्याने त्याला थांबवून ठेवलं. दोन्ही लाईन एकदम भरलेल्या पहिल्यांदाच पाहतोय.
११.००. पलीकडचा माणूस उद्धट आहे. मी हॅलो म्हटलं की तोही हॅलो म्हणतो. मी कोण बोलतंय विचारलं, तर तोही तेच विचारतो. आवाज ओळखीचा वाटला.
११.४०. उत्तमराव वैतागून घरी गेले. तरी मी कॉल काढला नाही. कधीही लागेल.
१२.५०. सिंधूताईंनी बुलढाण्याकडची वायर उपटली आणि मला फोन केला. म्हणाल्या, तुमचाच कॉल फिरून तुमच्याकडे आलाय, अडीच तास तुम्ही स्वतःशीच बोलताय. मग हळू आवाजात म्हणाल्या की खामगावच्या दवाखान्यातून इमामबींनी दहा चाळीसला कॉल बुक केला होता. तुमच्या दोन्ही लाईन भरलेल्या.
लगेच दवाखान्याचा कॉल जोडून घेतला. जहांआराचं जास्त झालंय. ती सकाळपासून बापाला बोलावतेय.
मेहबूब बाहेर तारेची गुंडाळी करत होता. त्याला सांगितलं. त्याने गुंडाळी तशीच टाकली. अकराची एसटी गेलेली. पुढची दोनला. तो स्टँडवर जाऊन उभा राहिला.

१२ डिसेंबर, गुरुवार
जहांआरा काल पावणेतीनला गेली. मेहबूब सव्वाचारला पोचला. मूल ठीक आहे.
अकराची गाडी मिळाली असती तरी रस्त्यात पंक्चर वगैरे होऊ शकतं. शिवाय ताप आठवड्याचा होता. शिवाय सिंधूताईंनी वायर आधी का उपटली नाही?

१३ डिसेंबर, शुक्रवार
कोकिळाला सांगितलं की परवा तांत्रिक बिघाड झाला. बायकोचा स्वभाव माहीत असून सांगितलं. तिने विचारलं, कोणता? मी अर्धवट जेवून उठलो.
मेहबूबच्या घरी उद्या जाईन.

१६ डिसेंबर, सोमवार
गेलो नाही. शनिवारी पाहुणे असतील असं वाटलं. काल पाहुणे नसतील, एकट्याने काय बोलणार, असं वाटलं.
माणिकरावांनी विचारलं, परवानगी कोणाची होती? त्यांनी मला बोर्डावरून काढून स्टँपच्या खिडकीवर बसवलं. चौकशी होईपर्यंत, म्हणाले. तेवढाच डोळ्यांना आराम.

२३ डिसेंबर, सोमवार
मेहबूब आज कामावर आला. डोक्याला रुमाल, दाढी वाढलेली. मी खाली मान घालून पाकिटांवर शिक्के मारत होतो. तो बाकीच्यांना टाळून सरळ खिडकीशी आला. मी मनाची तयारी केली होती. चिडला तर ऐकून घ्यायचं, आणि सगळं सांगून टाकायचं.
तो म्हणाला, "भाऊ, मले एकच सांगा. दवाखान्याचा फोन किती वाजता आलता? इमामबी म्हणते, तिनं सकाळीच लावला. तिले घड्याळ समजत नाही. रात्रंदिवस तेच बोलून राह्यली."
दहा चाळीस हे दोन शब्द तोंडापर्यंत आले होते.
मी म्हणालो, "पाऊणच्या पुढे. एकला दहा कमी."
त्याने खिडकीचा गज धरला. मग म्हणाला, "मंग तं कोनाचाच दोस नाही. तिले सांगतो तसं. तुमी आल्याबरोबर मले सांगतलं, भाऊ. इतकं कोन करते?"
त्याने गजातून हात आत घातला आणि माझा हात धरला. मी मान डोलावून "हाव" म्हणालो.