निरोप ठेवला

मंगळवार, संध्याकाळ. वसमत.

आज सकाळी पुन्हा नेट गेलं. पण स्क्रीन अडकली न्हाई! अडकली असती तर शेठ माझा प्रोग्राम बंद करून वहीवर जाणार होते. हळदीच्या काट्यावरचा हा प्रोग्राम आता पावती बनवून देणाऱ्या वेब सर्व्हिसची वाट पाहत बसत नाही. वजन मेसेजच्या रांगेत ठेवतो आणि पुढच्या गाडीला मोकळा होतो. नेट आलं की पावती येतेच.

मग काट्यावरच्या उषाताई तेच बटण सारखं काहून दाबत होत्या? नेट आल्यावर एकाच वजनाच्या तीन पावत्या! चिडलेच मी.

"अगं, स्क्रीनवर 'पाठवलं' लिहून येतंय. पाठवलं तर पावती कुठाय? मला वाटलं, गेलंच न्हाई."

बराबर आहे. पाठवलं कुठं होतं? नुसतं रांगेत ठेवलं होतं.

तो शब्द बदलला. 'निरोप ठेवला.' कायमचा निरोप तर वाटणार नाही ना? प्रत्येक निरोपाला नंबरही दिला, म्हणजे दोनदा दाबलं तरी पावती एकच.

दुपारी नेट परत गेलं. उषाताईंनी बटण दाबलं, वाचलं, उठल्या.

"ठेवला ना? मग चल, चहा घेऊ."

परत आलो तर पावतीच आमची वाट पाहत होती.