टीकेला फक्त ‘आभारी आहे’

१ जून
लेखकांच्या ग्रुपवर आज एका प्रकाशनाच्या संपादकबाई आल्या. महिनाअखेर कुणा एकाची पूर्ण कादंबरी वाचायला मागवणार आहेत. माझी तयार आहे. आठ वर्षं तयार आहे.
ग्रुपचा मुख्य नियम: टीका आली की लेखकाने फक्त ‘आभारी आहे’ लिहायचं. प्रोफेशनल माणसाला यात जड काय? बायकोला तसं म्हटलं. ती म्हणाली, अहो, परवा तुम्ही केलेला चहा पातळ झालाय म्हटलं, तर तुम्ही दूधवाल्यापासून सुरुवात केलीत.

३ जून
पहिलं प्रकरण टाकलं. रहस्यकथा आहे. नायक खिडकीत उभा आहे. ग्रुपमधल्या निवृत्त मास्तरांनी लिहिलं, चार पानं झाली, याचे पाय दुखत नाहीत का?
‘आभारी आहे’ लिहिलं. जमतं की.

संध्याकाळी
खाली एक ओळ जोडली, की तो समोरच्या घरावर पाळत ठेवून आहे. हा वाद नव्हे. माहिती.

४ जून
ग्रुपमधल्या दाताच्या डॉक्टरीणबाई विचारतात, पाळत कशासाठी? विचारल्यावर गप्प बसणं हा उद्धटपणा. समोर त्याचा भाऊ राहतो, जग त्याला मेलेला समजतं, एवढंच सांगितलं.

७ जून
मास्तर म्हणे, मग सरळ जाऊन दार वाजवायला याचं काय जातं? या माणसाने शाळेत काय शिकवलं असेल. तरी आधी ‘आभारी आहे’ लिहिलं. मगच विम्याचे पैसे, खोटं प्रेत आणि वहिनी.

१० जून
ग्रुपच्या अ‍ॅडमिनचा फोन. औषधांचं दुकान आहे त्याचं, बोलणं गोड. दादा, आवरा आता, म्हणाला, लोक ग्रुप सोडून चाललेत. मी त्याला वहिनीची बाजू समजावली. बराच वेळ ऐकलं त्याने. शेवटी ‘आभारी आहे’ म्हणाला आणि फोन ठेवला. सुसंस्कृत मुलगा.

११ जून
मला म्यूट केलंय.
संकल्प: पूर्ण मौन.

१२ जून
ग्रुपबाहेरच्या बोलण्याला ग्रुपचा नियम लागत नाही. संपादकबाईंना खाजगीत व्हॉइस मेसेज पाठवला. वाचायचा त्रास नको. खुनी कोण हे कळल्याशिवाय ती खिडकी कळतच नाही, म्हणून तेही सांगितलं. मेसेज मध्येच तुटला. दुसरा पाठवला. मग एक जोडणारा.

२० जून
बाईंचं उत्तर नाही. विचार करत असणार. बायको म्हणाली, अजून ऐकतच असतील.

३० जून
बाईंचं उत्तर आलं. फार सभ्य लिहितात. तुमची कादंबरी संपूर्ण समजली, शेवटही चांगला आहे. आता वाचण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून मास्तरांची मागवली आहे.
उत्तर लिहायला घेतलं. पहिल्यांदाच सुचेना. बायकोला विचारलं, काय लिहू? तिने चप्पल घालता घालता सांगितलं, काही लिहू नका.
ती कामावर निघून गेल्यावर लक्षात आलं, ते कसं करतात हे विचारायचं राहूनच गेलं.