पुट्टीखालचा पत्रा

३ जानेवारी

दारावर फोड! आमच्या जुन्या निळ्या मिनीबसच्या डाव्या दाराला, अगदी तळाशी. बोट लावलं तर रंग पिचकला. तीन वर्षांपूर्वी हे दार ह्यांनीच दुरुस्त केलं — त्यांच्या हातचं शेवटचं काम.

४ जानेवारी

धाकटे दीर गिमान आले. दारावर टकटक करून हसले. "वहिनी, दादाने गंजावरच पुट्टी थापली की! दिव्याखाली अंधार."

"तुमच्या दादाने जन्मात तसं केलं नाही."

"मग खरवडून बघू या?"

सगळं सालातिगा गाव ह्यांच्याबद्दल म्हणायचं, दर्सोनोने केलेली गाडी गंजत नाही. खाली गंज निघाला तर?

७ जानेवारी

धुकं. मर्बाबू डोंगर आज आहे की नाही कोण जाणे. दुपारी जरा डोळा लागला आणि हे दिसले — उघड्या पत्र्यावर हात फिरवत होते, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा. माझ्याकडे बघितलंही नाही. मला राग नाही आला. कितीतरी वेळ बघत उभी होते.

८ जानेवारी

त्यांचं रंगकामाचं पुस्तक काढलं. मला अक्षरं चाळिशीत आली, अजून बोट ठेवूनच वाचते. पुट्टी पाणी पिते म्हणे! म्हणून आधी गंज घासून पत्रा चकचकीत करायचा, मग प्रायमर, मग पुट्टी. हेच ते रोज जेवताना सांगायचे. मी भात वाढत हुं हुं करायची.

१० जानेवारी

"दादाला जाऊन हजार दिवस होतील, त्या जेवणाला सगळे येतील," गिमान म्हणाले. "वरून पुट्टी, रंग. कुणाला कळणार?"

"मला."

"मग घासा तुम्हीच!"

झाकलं तर ह्यांचं नाव राहतं. दार मात्र जातं.

१२ जानेवारी

घासलं. मीच! पुट्टी पिठासारखी उडून केसांत बसली. खाली करडा प्रायमर, सलग. फोडांच्या जागी तेवढी भोकं — पत्रा आतल्या बाजूने खाल्लेला.

गिमान वाकून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "वहिनी, चुकलो मी. दादाचं काम चोख आहे. गंज मागून आलाय. पाणी निघून जायला दाराच्या तळाला छिद्रं असतात, ती कुणीतरी मेणाने बुजवलीत. पाणी आतच साचलं."

मी चहा ठेवायला आत गेले.

१३ जानेवारी

मीच. दार उघडलं की माझ्या टेंपेच्या टोपल्यांवर पाणी ठिबकायचं, सोयाबीनच्या वड्या भिजायच्या. एक मेणबत्ती वितळवली आणि त्या छिद्रांत ओतली. ह्यांना सांगायचं राहून गेलं.