सोप्यातली चूल

१४ ऑगस्ट २००५
पाणी उतरलं. शाळेतल्या छावणीतून सगळे घरी आलो. घरभर गाळ, जोंधळ्याची पोती कुजलेली. पूरग्रस्तांना रोख मदत मिळणार आहे, दर चुलीला. हे कळताच अण्णांनी काकूला पुढच्या सोप्यात वेगळी चूल मांडायला लावली. काका, अण्णांचे भाऊ, वारले तेव्हापासून काकू आमच्यातच जेवते.
"पंचनाम्यापुरती. मग मोडू की," अण्णा म्हणाले.

१७ ऑगस्ट
सकाळी अण्णांनी आमच्या चुलीतली राख नेऊन नव्या चुलीत घातली. वापरातली दिसावी म्हणून.
पंचनाम्याला आलेले तलाठी माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही बी.ए. ना? तुम्हीच सांगा, काकूंचं खरंच वेगळं हाय?"
"हो."
घरातली पहिली पदवीधर. यासाठी शिकले.

२ सप्टेंबर
चावडीत पैसे मिळाले. काकूने सही केली. साक्षरता वर्गात मीच शिकवलेली. बाहेर येताच अण्णांनी हात पुढे केला.
"असू देत की माझ्यापाशी," काकू म्हणाली. अण्णांना वाटलं, चेष्टा करते.
आमचे पैसे पडलेल्या भिंतीला आणि काकूचे माझ्या बी.एड.च्या फीला, असं ठरलं होतं. ठरवताना काकू तिथं होती का? आठवत नाही.

६ सप्टें.
काकूने तवा, दोन पातेली, जोंधळे आणले. स्वतःपुरतं रांधते. चूल मोडायचं नाव नाही. आईची एकटीची तारांबळ, आणि मला धड भाकरी येत नाही.
शेजारची आजी दारातूनच ओरडली, "काय ओ अण्णा, पुरानं न्हाय पडलं ते घर पैशानं पाडलं व्हय?"
अण्णा जेवले नाहीत. मला काकूचा राग आला. लिहितानाही लाज वाटते, पण आला.

९ सप्टें.
सोमवारी फीची मुदत. अण्णा म्हणाले, "तू शिकलेली. तुझं ऐकंल ती."
एकत्र कुटुंब, शिक्षणाचं महत्त्व वगैरे मनात जुळवून सोप्यात गेले. ऊन अजून होतं आणि काकू जेवत होती.
चातुर्मासात ती दिवस मावळल्यावर खात नाही. मला ठाऊक होतं. आमच्यात सगळ्यांना वाढून होईतो अंधार पडायचा. मग ती म्हणायची, "आज भूक न्हाय." दर वर्षी, चार महिने. आणि मला खरंच वाटायचं की नसेल.
"बस. अण्णानं धाडलं?"
"नाही. सहज."
"तलाठ्यापुढं बरं जमलं हुतं गं तुला!"
हसली. मला मान वर करता येईना. गरम भाकरी पुढे सरकवून म्हणाली, "तुझी फी ऱ्हाती, कळतंय मला. पर माझ्या नावानं आयुष्यात हे पयलंच आलंय, पोरी."
खाल्ली भाकरी. उठून आले.

११ सप्टें., रविवार
संध्याकाळी अंगणात अण्णांनी विचारलं, "बोललीस?"
"गेले होते."
"मग? उद्या देती का न्हाय?"
काकू पलीकडे बसून पातेलं घासत होती. माझी वही उचलून अण्णांनी माझ्याच मांडीवर ठेवली. "मास्तरीण व्हायचंय न्हवं तुला?"
व्हायचंय. फार व्हायचंय.
मी तोंड उघडलं तसा काकूचा घासता हात थांबला.